तुतारीवर वॉर्निश

बाळांनो, मांडी घालून बसा. एका जंगलात एक पितळी तुतारी होती. वणवा दिसला की धोंडबा अस्वलाने टेकडीवर चढून ती फुंकायची आणि सगळ्यांनी नदीकडे पळायचं, अशी तिथली रीत होती.

तुतारी काळपट होती, तोंडाशी तर हिरवी पडली होती. पण आवाज असा, की पलीकडच्या घळीत झोपलेली धोंडबाची पिल्लंसुद्धा खडबडून जागी व्हायची.

मग शेजारच्या जंगलातून पाहुणे यायचे ठरले आणि वाघोबा महाराजांना तुतारीची लाज वाटू लागली. ताबडतोब सुशोभन समिती नेमली गेली. अध्यक्ष मोर. ज्याला आपल्या पिसाऱ्यापलीकडे काही दिसत नाही, तोच अशा जागी शोभतो, नाही का?

समितीने तुतारी चिंचेने घासली, राखेने घासली, वर वॉर्निश चढवलं. मग मोर तिच्यात आपला तुरा बघत बसला.

"धोंडबा, आजपासून तुम्ही नुसते तुतारीवाले नाही, तुतारीरक्षक!" तो म्हणाला. "ही घ्या शाल. पण तुतारीला ओठांचा डाग लागता कामा नये हं."

"अन् वणवा लागला तर?"

"अहो, पाहुणे येणारेत, आणि तुम्ही वणव्याचं काय घेऊन बसलात!"

धोंडबाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रोज तो शालीच्या टोकाने तुतारी पुसायचा. पिल्लं जवळ आली की खेकसायचा, "हात लावू नका!"

पाहुणे येण्याच्या आदल्या दुपारी घळीच्या तोंडाशी धूर दिसला. धोंडबा धावत टेकडीवर चढला. त्याने तुतारी उचलली, ओठांशी नेली आणि थांबला. डाग पडला तर?

मग त्या शहाण्याने तुतारीच्या तोंडाला शाल गुंडाळली आणि शालीवरून फुंकलं. फुस्स! पुन्हा फुंकलं. फुस्स! शेवटी शाल भिरकावून तुतारी खरोखर वाजवली, तोवर घळ पेटली होती. अर्धं जंगल नदीवर पोचलं. पिल्लं नाही पोचली.

वणवा विझला तरी धोंडबा राखेत बसून तुतारी फुंकतच राहिला. घळीतून कोणी आलं नाही.

मोर मात्र आला, जळका पिसारा सावरत. त्याने तुतारी उलटसुलट न्याहाळली.

"अरेरे, केवढे हे डाग! असो. राख आता मुबलक आहे. घासायला घ्या."

तात्पर्य : तुतारी कधीही वाजवू नये, ती खराब होते. पिल्लं काय, पुन्हा होतील. वॉर्निश मात्र जपावं लागतं.