‘शेजारी’ या शब्दाचा खुलासा

ख्रिस्ती शास्त्र सुबोध मराठीत आणणाऱ्या एका समितीने रत्नागिरीचे निवृत्त शिक्षक गोपाळकृष्ण मास्तर यांच्याकडे शुभवर्तमानातले कठीण उतारे सोपवले. मास्तर ख्रिस्ती नव्हते, पण मराठी व्याकरण आपल्याच वाडवडिलांचं, असा त्यांचा समज होता. पवित्र आत्मा, पुनरुत्थान, सगळं त्यांनी चौदा महिन्यांत गुळगुळीत करून टाकलं. घोडं अडलं ते एका साध्या वाक्यावर: स्वतःवर करतोस तितकंच प्रेम शेजाऱ्यावर कर.

मास्तरांचे शेजारी अनिल शेट्ये. त्यांनी दोन परड्यांमधला गडगा, म्हणजे हद्दीची जांभ्या दगडांची भिंत, वीतभर अलीकडे सरकवला, असा मास्तरांचा दावा अकरा वर्षं कोर्टात होता.

तेव्हा मास्तरांनी ‘शेजारी’ हा शब्दच संदिग्ध ठरवला. ‘निकटवर्ती मानव’ लिहिलं. समितीने ‘दुर्बोध’ असा शेरा मारून परत पाठवलं. ‘आपली माणसं’ लिहिलं, तर पत्नी आनंदीबाई म्हणाल्या, ते सगळेच करतात, त्याला शास्त्र कशाला हवं? शेवटी तळटीप जोडली: ‘शेजारी म्हणजे जिच्याशी हद्दीचा वाद न्यायप्रविष्ट नाही, अशी लगतची व्यक्ती.’

समितीने तळटीप बाद करून नियम सात दाखवला. वाक्य समजल्याचा दाखला अनुवादकाच्या सर्वांत जवळ राहणाऱ्या बिगरख्रिस्ती वाचकाकडून आणावा. अन्यथा पुस्तकावर अनुवादकाचं नाव छापलं जाणार नाही.

आणि नाव छापून येणार, हे तर मास्तर अख्ख्या आळीत सांगून बसले होते. अडला हरी! वकिलाला विचारून ते शेट्यांकडे गेले. अनिलरावांनी पन्हं दिलं, ते मास्तरांनी ‘आपले सर्व हक्क अबाधित ठेवून’ प्यायलं.

अनिलरावांनी वाक्य दोनदा वाचलं आणि दाखल्यावर सही केली.

“कळलं, मास्तर. गडगा सोमवारी मागं घेतो. तुम्ही दावा मागं घ्या.”

मास्तरांना ठसकाच लागला. अकरा वर्षांचा दावा असा पन्ह्यावर सोडायचा?

“अहो, मी नुसता अनुवादक,” ते कसेबसे म्हणाले.

त्याच दिवशी त्यांनी समितीला तातडीने कळवलं: ‘वाक्य प्रमाणाबाहेर सुबोध झाले असून वाचकाने थेट आचरण सुरू केले आहे.’ समिती हादरली. बैठक बोलावली, आणि ‘समीपस्थांप्रती प्रीतिभाव धारण करणे श्रेयस्कर’ असा मजकूर एकमताने मंजूर झाला. दाखला आधीच आलेला असल्यामुळे नावही छापलं गेलं.

पुस्तक आळीत घरोघर वाचलं गेलं. प्रत्येकाने भाषेची तोंडभर स्तुती केली आणि हे शेजारच्यांनी एकदा वाचायलाच हवं, असंही सांगितलं. आत्ता तुमच्याही मनात एक नाव आलंच असेल.