सूज हाय तशीच

वच्छलाबाईंचा उजवा गुडघा नागपूरला जाणार, ही बातमी साखरखेर्ड्यात बघता बघता घरोघरी झाली. गुडघा म्हणजे, त्यातलं पाणी. त्यांच्या बहिणीचा मुलगा निवृत्ती डॉक्टरीच्या वरच्या परीक्षेसाठी आमवातावर संशोधन करत होता.

"मावशी, त्या पाण्यातले बारीक-बारीक कण तपासायचे हायेत," तो म्हणाला. "अंगातले राखणदारच चुकून सांध्याच्या अस्तरावर तुटून पडतेत. त्यायले कोन चिथावते, ते पाह्यतो."

"म्हंजे राखणदारानंच मालकाले धोपटलं!" वच्छलाबाईंचे यजमान उकंडराव चकित झाले.

"हाव काका. मी पंधरा दिवसांनी येतो. तोवर गोळी नको, लेप नको. सूज हाय तशीच पायजे."

वच्छलाबाईंनी शब्द दिला. पोराची परीक्षा आपल्या गुडघ्यावर, या अभिमानात त्या दुखणंही मिरवू लागल्या. पण सकाळी बोटं मिटत नसताना बायको घागर उचलते, हे उकंडरावांना बघवेना. गोळीला बंदी होती, लेपाला होती. पाणी भरायला कुणी बंदी घातली नव्हती. मात्र गडीमाणूस डोक्यावर घागर घेऊन दिसला, की गाव वर्षभर टिंगल करणार. म्हणून ते बाया उठायच्या आत विहिरीवर जाऊन येऊ लागले.

"लोकं हासतीन ना!" वच्छलाबाई म्हणत.

"अंधारात कोन पाह्यते? तू बस गपचूप."

एका पहाटे ओल्या पायरीवरून त्यांचा पाय सटकला. घागर वाचली, गुडघा मुरगळला. "नवा जोडा चावते," असं सांगून ते लंगडत राहिले.

निवृत्ती यायच्या आदल्या दिवशी वच्छलाबाईंनी गुडघा चाचपला आणि किंचाळल्या, "अवो, सूज गेली!"

"बरं झालं की!"

"काय बरं झालं? उद्या पोरगं येऊन राह्यलं! त्याले काय दाखवू?"

सूज परत आणायला त्या कामाला लागल्या. पाण्याला जावं, तर रांजण काठोकाठ भरलेला. दळायला बसावं, तर पीठ गिरणीतून आलेलं. एकेक काम आयतं झालेलं पाहून त्या रडकुंडीला आल्या.

दुसऱ्या दिवशी निवृत्ती सुई आणि बर्फाचा थर्मास घेऊन आला. गुडघा दाबून पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. "मावशी, यात पाणीच नाही."

"पोरा, म्या औषध नाही घेतलं रे. शप्पथ!" वच्छलाबाईंचे डोळे भरले.

ते उकंडरावांना सहन झालं नाही. "तिची चूक नाही. पाणी म्या भरलं, तिले बसवून ठेवलं," म्हणत ते कबुली द्यायला उठले आणि "आई गं" करत खाली बसले. निवृत्तीने धोतर वर सारलं. गुडघा भोपळ्याएवढा झाला होता.

"काका, हे कवापासून?"

"नवा जोडा..."

"जोडा गुडघ्याले चावते काय हो?" वच्छलाबाई कडाडल्या.

निवृत्ती मात्र खुलला. "मावशी, आमवाताच्या पाण्याशी ताडून पाह्याले असा मुरगळलेला गुडघाबी पायजेच होता. मले कोनी देईना! तुह्यं पाणी मंग घेऊ."

सुई टोचताना उकंडरावांनी बायकोची आखडलेली बोटं घट्ट धरली. काम होताच निवृत्तीने बजावलं, "मावशी, पुढच्या आठवड्यात काकाचं पुन्हा पाणी घेतो. तोवर काकाले गोळी नको, लेप नको."

"हाव," वच्छलाबाई मान डोलावत म्हणाल्या.

निवृत्तीची एसटी गेली तशी त्यांनी विटेचा तुकडा चुलीत सारला आणि फडकं शोधू लागल्या.

"अवं, त्यानं नाही म्हनलं ना?" उकंडराव घाबरले.

"लेपाले नाही म्हनलं. शेकाचं कुठी बोल्ला तो? गुडघा करा इकडं."