नंदिताचे अधिकृत तीन दिवस

स्त्रीचे आरोग्य ही समाजाची ठेव असते, आणि ठेवीवर डोळा ठेवणे हे शेजाऱ्यांचे कर्तव्य असते. तंजावरातल्या आमच्या रस्त्याने हे कर्तव्य पिढ्यान्‌पिढ्या विनावेतन पार पाडले आहे.

यंत्रणा अशी. घरातली बाई महिन्यातून तीन दिवस मागच्या ओसरीत बाहेर बसते. ताट वेगळे, चटई वेगळी. मागची गल्ली सगळ्यांची एकच, त्यामुळे कोण बसली आणि कोण बसली नाही हे रक्त न तपासता कळते. (सुई नाही, यंत्र नाही, वीज गेली तरी चालते.)

हार्मोन म्हणजे काय?

हा शब्द आमच्याकडे केबल टीव्ही आणि परदेशी सरबताच्या बाटल्यांबरोबर आला. हार्मोन हा शरीरातला सरकारी हुकूम. तो मेंदूच्या मुख्य कचेरीतून निघतो आणि ओटीपोटातल्या तालुका कचेरीत पोचतो. वाटेत गळ्यातली ग्रंथी आळसावली, की खालचे कामकाज थांबते. दिल्लीने त्याच सुमारास उद्योगांवरचे परवाने उठवले. शरीराने उठवले नाहीत.

प्रकरण.

निवृत्त अभियंते सीतारामराव यांची मुलगी नंदिता कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवत असे. तिचे वजन वाढले, फणीत केस येऊ लागले, भर दुपारी पडद्यासमोर डोळे मिटू लागले. रस्त्याने याची दखल घेतली नाही, कारण या गोष्टी ओसरीत दिसत नाहीत. ती काही महिने बाहेर बसली नाही, याची मात्र घेतली. निष्कर्ष दोनच निघू शकत होते: मुलीचा पाय घसरला, किंवा घराने आचार सोडला. (दुसरा अधिक गंभीर.)

त्यातच पापनाशम गावचे स्थळ आले. मुलाची मावशी विशालाक्षी (रस्त्याला मामी) चार घरे पलीकडे राहते आणि तिची खिडकी मागच्या गल्लीत उघडते. तेव्हा नंदिताच्या आईने, कमलाक्षीने, निर्णय घेतला.

"अगे, उद्यापासून बाहेर बैस."

"अम्मा, मला काही आलं नाही."

"आलं नाही ते मज ठाऊक आहे. विशालाक्षीला ठाऊक नको."

नंदिता बसू लागली. तारखा कमलाक्षी पंचांग बघून ठरवी. सण, श्राद्ध, पाहुणे सगळे टळत. (नैसर्गिक पद्धतीत ही सोय नाही.) रस्ता निवांत झाला. विशालाक्षीने पापनाशमला निरोप धाडला: मुलगी नव्हे, घड्याळ आहे.

वैद्यकीय मत.

थकवा वाढला तेव्हा कमलाक्षी तिला डॉक्टर अलमेलुकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी नंदिताला विचारले, "पाळी नियमित येते?"

"येते," कमलाक्षी म्हणाली. "सगळा रस्ता साक्षीला आहे."

एवढ्या साक्षीदारांपुढे विज्ञान काय करणार? डॉक्टरांनी लोहाचे टॉनिक लिहून दिले.

"डॉक्टरला तरी खरं सांगायचं, अम्मा!" बाहेर आल्यावर नंदिता म्हणाली. "मी आजारी आहे की."

"तिचा कंपाउंडर कुठला, विचारलंस? पापनाशमचा."

पुढच्या आठवड्यात नंदिता क्लास सुटल्यावर एकटीच गेली, कंपाउंडरला बाहेर पाठवा म्हणाली, आणि खरे बोलली. रक्त तपासले. थायरॉइड मंदावली होती, आणि तिच्यामुळे बाकीच्या हार्मोनांचा ताल चुकला होता. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. मुलगी उठल्याबरोबर फिल्टरच्या कापीला शिवत नाही हे पाहून कमलाक्षीने ते लग्नासाठीचे व्रत समजले आणि चारचौघींत कौतुक केले.

गुण येतो.

काही महिन्यांनी मुलाकडची मंडळी मुलगी बघायला आली. त्याच दिवशी सकाळी नंदिता धावत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली.

"अम्मा, आलं! खरंखुरं आलं!"

कमलाक्षीने शांतपणे विचार केला. "शक्य नाही. तू गेल्या आठवड्यात बसलीस. सगळ्यांनी पाहिलं."

त्यामुळे ज्या घरात अशा अवस्थेतल्या बाईने कधी उंबरा ओलांडला नव्हता, त्या घरात नंदिताने देवापुढे दिवा लावला, गोड केसरी वाढली आणि कापी आणून दिली. आचार टिकवायचा तर एवढे करावेच लागते.

मुलाच्या आईने दोन घोट घेतले. "मुलीचं सगळं वेळच्या वेळी ना?"

"घड्याळ, अक्का, घड्याळ!" विशालाक्षी म्हणाली.

"आजच आलं," नंदिता म्हणाली. "सकाळी."

मुलाच्या आईने हातातल्या टंबलरकडे पाहिले. सीतारामराव पंख्याकडे पाहू लागले. मुलाने तेवढी कापी संपवली. (गरम होती.)

"अय्यो, गेल्या आठवड्यात मी या डोळ्यांनी पाहिलं की!" विशालाक्षी ओरडली. तिच्या शास्त्रावरच घाला आला होता.

"तेव्हा आलं नव्हतं, मामी. तेव्हा तुम्ही बघत होता."

निष्पत्ती.

औषध लागू पडले. केस गळायचे थांबले, दुपारची झोप गेली, नंदिता बरी झाली. अहवाल इथे संपतो, कारण प्रश्न तिच्या तब्येतीचा होता.

पण लग्न जमले का, हे विचारायला जे वाचक अजून थांबले आहेत, त्यांच्यासाठी विशालाक्षीमामींच्या खिडकीत जागा केलेली आहे. थोडे सरकून बसावे. गर्दी बरीच आहे.