टेबलावरचे एक्केचाळीस फ्रँको

इझिकेल रोहेकरांच्या इंग्लंडातल्या, स्लाऊमधल्या फ्लॅटवर दोन वर्षांत पाहुणा म्हणून कोणी आलं नव्हतं. बॉयलर तपासायला एक जण आला होता. रोहेकरांनी त्याला तीनदा चहा विचारला, तो तीनदा नको म्हणाला. त्यामुळे वरच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली पिलार जिन्यात "संडेला चार वाजता नक्की येते" म्हणाली, तेव्हापासून त्यांना काही सुचेना.

पिलार स्पेनची, आणि रोहेकरांकडे स्पेनची जुनी नाणी! पन्नासेक वर्षांपूर्वी बायकोबरोबर, हॅनाहबरोबर, केलेल्या स्वस्तातल्या टूरमधून खिशात चार नाणी उरली होती. हॅनाह गेल्यावर नाणी जमवण्याचा नाद वाढला. नाण्यावरच्या इवल्याशा चांदणीत ते पाडल्याचं खरं साल कोरलेलं असतं. ते भिंगाने वाचण्यात अख्खी संध्याकाळ निघायची.

रविवारी साडेतीनला त्यांनी टेबलावर एक्केचाळीस नाणी मांडली. सगळ्यांवर तोच फुगीर गालांचा चेहरा. तेवढ्यात ग्लासगोहून मुलीचा, नतालीचा फोन आला.

"डॅड, ते फ्रँकोचा कॉइन्स तू तिला दाखवणार? सीरियसली?"

"अगं, तिच्या देशाची नाणी. खूश होईल ती."

"तो डिक्टेटर होता! किती लोकांना जेलमध्ये टाकला त्याने. तिचा फॅमिली पण असेल!"

रोहेकरांनी इतकी सालं वाचली होती, पण चेहरा कधी वाचलाच नव्हता.

"मग पालथी घालतो," म्हणत त्यांनी भराभर नाणी उलटवली.

"मागे काय आहे?"

"बऱ्याच नाण्यांवर गरुड आहे."

पलीकडे टायपिंगचा आवाज झाला. "डॅड, तो गरुड पण त्याचाच सिम्बॉल आहे!"

इतक्यात बेल वाजली. नाणी उचलायला वेळ नव्हता. रोहेकरांनी वरून टेबलक्लॉथ ओढला आणि दार उघडलं.

पिलार बसली. टेबलक्लॉथ गोवर आल्यासारखा दिसत होता. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"हे कसलं डिझाइन?"

"इंडियन," रोहेकर म्हणाले.

त्या डिझाइनवर कप काही सरळ बसेना. तो कलंडला, चहा पसरला आणि "अहो, बसा तुम्ही, मी पुसते," म्हणत पिलारने अख्खा टेबलक्लॉथ उचलला. चहाच्या तळ्यात एक्केचाळीस नाणी. तिने एक उचलून उलटं केलं.

"माझे आजोबा सहा वर्षं तुरुंगात होते," ती म्हणाली. "याच्यामुळे."

"मला माफ करा. आत्ताच्या आत्ता सगळी फेकून देतो."

"थांबा. हा मेला त्या दिवशी मी दहा वर्षांची होते. आईने असलीच मूठभर नाणी देऊन मला शॅम्पेन आणायला पिटाळलं. दुकानात एक बाटली उरली नव्हती. लोकांनी सकाळीच सगळ्या नेल्या होत्या." तिला हसू आवरेना. "आमच्या घरात ते सेलिब्रेशन राहिलं ते राहिलंच."

रोहेकर उठून आत गेले. फ्रिजमध्ये ज्यू रिवाजाप्रमाणे शुक्रवार संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी वाइनऐवजी केलेलं किशमिशचं शरबत होतं. दर शुक्रवारी ते सवयीने दोन ग्लास भरायचे, एक प्यायचे आणि दुसरा परत बाटलीत ओतायचे.

त्यांनी दोन ग्लास भरले आणि दोन्ही बाहेर आणले.