फक्त, आमेन

रविवारच्या उपासनेत प्रार्थना मीच चालवतो. मास्तरांची प्रार्थना काळजाला भिडते, असं लोक म्हणतात. एका माणसानं एकदाच माझ्याकडे प्रार्थना मागितली आणि ती मी केली नाही, हे मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या माणसाचं नाव याकोबराव.

निजामाच्या राज्यात ते तुळजापूरच्या तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहायचे. म्हातारपणी जळकोटला माझ्या शेजारी राहायला आले, ते ती कचेरी डोक्यात घेऊनच. देवाशी बोलायचं तेसुद्धा अर्जाच्याच भाषेत. "हुजूर आसमानी सरकार, फिदवी याकोब, मौजे जळकोट, तालुका तुळजापूर, अदबीनं अर्ज करतो की..." फिदवी म्हणजे हुजुरांचा ताबेदार सेवक.

"पत्ता कशाला, याकोबराव? देवाला ठाऊक नाही का?"

"मास्तर, उदगीरकडं बी एक जळकोट हाय. पाऊस तिकडं पडला तर तुम्ही आणून देणार हाव काय?"

शेवटी म्हणायचे, "फक्त. आमेन." अर्जाखाली मागून कुणी काही घुसडू नये म्हणून कचेरीत 'फक्त' लिहीत. सैतानही कारकुनांपैकीच असणार, याबद्दल त्यांची खात्री होती.

भाकरी आली की अर्ज, चपलेचा अंगठा तुटला की अर्ज, बकरी आटली की अर्ज. आमच्या प्रार्थना आटोपशीर असत, कारण देवाकडे आमचं फारसं काम नसे. याकोबरावांचं रोजचं काम असे, आणि ते खणखणीत आवाजात चाले. कोपऱ्यावरचे हुसेनभाई शिंपी म्हणायचे, "इनका अर्ज खतम होने तक मेरी भाकरी की पापडी होती!"

एकदा भर उपासनेत ते माझ्याच शेजारी उभे राहून म्हणाले, "अर्जदाराचे शेजारी मास्तर प्रार्थनेच्या वक्ती घोरतात. त्यांस जागं ठेवण्याचा हुकूम व्हावा." मी जागाच झालो. सगळी मंडळी डोळे उघडून माझ्याकडे बघत होती.

त्याचा सूड मी हुसेनभाईंच्या दुकानात उगवला. डोक्याला कापडाची चिंधी गुंडाळून "हुजूर आसमानी सरकार" सुरू केलं की लोक पोट धरून हसत. उपासनेत माझ्यासाठी कुणी कधी एवढं जमलं नव्हतं.

पुढे त्यांच्या बायकोला, मार्थाकाकूंना, ताप आला. उतरेचना. भिंतीपलीकडून मला रोजचे अर्ज ऐकू येत. कुणाच्या बैलाच्या खुरासाठी, कुणाच्या लेकीच्या सोयरिकीसाठी. काकूंचं नाव नाही. मी मुद्दाम टोमणा मारला, "घरचा अर्ज राहिला की, याकोबराव!"

ते खाली बसले. आवाज एकदम बारीक झाला.

"आपल्या माणसाची शिफारस आपुनच केली तर कचेरीत चालत न्हाय, मास्तर. दुसऱ्याची लागती. म्या गावाचे अर्ज लई केले, माझा करणारं कुणी न्हाय. तुम्ही करा. दोनच ओळी."

"करतो," मी म्हणालो.

संध्याकाळी दुकानात माझ्या नकलेत नवा माल आला. 'शिफारस' या शब्दावर लोक लोळले. हुसेनभाई तेवढे हसले नाहीत. सुई थांबवून म्हणाले, "हसना बाद में, मास्तर. दुआ किये क्या?"

"करू की उद्या."

उद्या केली नाही. परवाही नाही. म्हणायला गेलो की माझीच नक्कल तोंडात यायची आणि हसू फुटायचं. काकू त्याच आठवड्यात गेल्या.

माती देऊन आल्यावर याकोबराव कचेरीचा जुना काळा कोट घालून माझ्या दारात आले. हात जोडले.

"तुमची शिफारस पोचली असंल, मास्तर. हुकूम उलटा झाला, हुजुरांची मर्जी. पर तुम्ही शब्द टाकलाव, तुमचे उपकार हायेत."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. "बसा, चहा घ्या," एवढंच निघालं.

त्या रात्रीपासून त्यांच्या अर्जात एक ओळ वाढली, आणि ते जाईपर्यंत ती मी भिंतीपलीकडून ऐकली: "मौजे जळकोटचे मास्तर, यांनी फिदवीच्या घरच्यांसाठी शिफारस केली. त्यांस बरकत व्हावी. फक्त. आमेन."

आता रविवारी मी गावासाठी प्रार्थना करतो, पावसासाठी करतो, आजाऱ्यांची नावं घेऊन करतो. मार्थाकाकूंसाठीच्या दोन ओळी माझ्याकडून याकोबरावांना अजून येणं आहेत.