किनाकोचा खोकला

"नजर घारीची, नाक कुत्र्याचं आणि डोकं..." हिरुकावांनी स्वतःच्या टकलावर टिचकी मारली. "डोकं हिरुकावाचं. असा माणूस अख्ख्या जपानात एकच."

"एक पुरे आहे, दाजी," शिगेओ वहीतून मान वर न काढता म्हणाला.

तीस वर्षं बोटीवर तिकिटं तपासून दाजी निवृत्त झाले आणि थेट गुप्तहेर बनले. मेव्हणा म्हणून वही शिगेओच्या गळ्यात पडली. एरवी त्याला हसू आलं असतं. आज नाही, कारण संशयित त्याचीच मुलगी होती.

चिझुरू मत्स्यालयात किनाको नावाच्या डॉल्फिनला शिकवायची. तिला सर्दी झाली आणि पाठोपाठ किनाको खोकू लागली. माणसाची सर्दी डॉल्फिनला लागते का? डॉक्टर म्हणाले, लागूही शकेल, पण हिच्या तपासणीत काही सापडलं नाही. साहेबांना धीर नव्हता. आज उलगडा झाला नाही, तर चिझुरूची बदली खेळण्यांच्या दुकानात होणार होती.

हिरुकावा खाकरले. मासळी कापणाऱ्या उमेको काकूंनी लगेच चहा पुढे केला.

"सापडला नाही, म्हणजेच विषाणू लपलाय!" घोट घेऊन हिरुकावा म्हणाले. "किनाकोला मास्क लावा."

"तिचं नाक डोक्यावर असतं, आतोबा," चिझुरू रडवेल्या आवाजात म्हणाली.

"मग टोपी घाला."

पुन्हा खाकरणं, पुन्हा चहा. आता संशय शिंकणाऱ्या प्रेक्षकांवर गेला. तिसऱ्या कपाला तो किनाकोच्या खाण्यातल्या बांगडा माशांवर आला: थंड पाण्यात राहून त्यांनाच सर्दी झाली असणार. शिगेओने तेही निमूटपणे लिहून घेतलं.

तेवढ्यात किनाको काठाशी येऊन खोकली. चिझुरूने धावत जाऊन औषध भरलेला बांगडा तिच्या तोंडात टाकला.

"दर खोकल्याला देतेस?" काकूंनी सुरी थांबवली.

"औषध बांगड्यातूनच जातं ना, काकू."

"अगं, उडी मारली की मासा, असं तूच शिकवलंस ना तिला? मी डॉल्फिन असते तर मीही खोकले असते!"

चिझुरू कपाळावर हात मारून हसली आणि हसता हसता रडली. किनाको पुन्हा खोकली. चिझुरूने जड मनाने पाठ फिरवली. पाच वेळा खोकून किनाको कंटाळली आणि तिने शीळ घातली. शिळेला बांगडा मिळाला. त्यानंतर खोकला बंद.

शिगेओने घट्ट धरलेली वही पहिल्यांदाच खाली ठेवली.

"माझा अंदाज खरा ठरला," हिरुकावा म्हणाले, आणि जोरात खाकरले.

कोणीच हललं नाही. ते पुन्हा खाकरले.

"चहा देऊ नका हं, काकू," शिगेओ म्हणाला. "सवय मोडायची आहे."