फान मास्तर चहादाणी तपासतात

फान मास्तरांना चहादाणीतलं काही कळत नव्हतं, आणि ही गोष्ट चीनमधल्या डिंगशूसारख्या चहादाण्यांच्या गावात चारचौघांत सांगण्यासारखी नव्हती. या गावातलं शेंबडं पोरही झाकण वाजवून माती कुठल्या डोंगरातली ते सांगतं. मास्तर मात्र जन्मभर चहा प्यायले ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीतून. बरणीत चिमूटभर पत्ती, वर कढत पाणी, झाकण घट्ट. त्यांचा बाप भट्टीवर कोळसा वाहून वाकला होता, म्हणून मातीशी संबंध नको हे त्यांनी लहानपणीच ठरवलं. छत्तीस वर्षं चौथीला गणित शिकवताना पोरांना त्यांचा एकच धाक असे : अभ्यास केला नाहीत तर जन्मभर माती थापत बसाल. पोरांनी अभ्यास केला नाही, माती थापली, आणि आता त्यांची तीन-तीन मजली दुकानं झाली होती. ज्यांनी अभ्यास केला ते त्या दुकानांत नोकरीला होते.

तर अशा मास्तरांवर एका शनिवारी चहादाणी निवडायची वेळ आली. त्यांची मुलगी श्याओमान नानजिंगला नोकरी करत होती. तेहतिशीला आली होती. नवरा तिचा तिने निवडला होता, फक्त त्याच्या वडिलांचा होकार यायचा होता. हे वडील, पेईसाहेब, रेल्वेच्या पुलांची तपासणी करून निवृत्त झालेले. हातोडी वाजवून बघितल्याशिवाय त्यांनी आयुष्यात कशावर विश्वास ठेवला नव्हता. निवृत्तीनंतर त्यांना चहाचा नाद लागला. डिंगशूच्या नामांकित जांभळ्या मातीच्या म्हणून दोन चहादाण्या त्यांनी घरबसल्या मागवल्या. एकीचा रंग पहिल्याच पाण्यात उतरला, दुसरीला गोंदाचा वास आला. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, तसे पेईसाहेब तिसऱ्या चहादाणीसाठी जाणकार शोधत होते. श्याओमान भोळेपणाने म्हणून गेली, "माझे बाबा डिंगशूचेच. त्यांना नुसतं बघून कळतं."

मग तिने रात्री बापाला फोन केला. मास्तरांनी खूप ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, की आता काय करायचं.

"काही नाही करायचं बाबा. फक्त गप्प राहायचं. जाणकार माणसं बोलत नाहीत."

झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मास्तरांना पटलं. तरी त्यांनी मुलीने पाठवलेल्या सूचना दोन दिवस पाठ केल्या. नळी, मूठ आणि झाकणाची गोळी एका रेषेत हवी. झाकणाच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबली पाहिजे. शनिवारी सकाळी बसमधून पेईसाहेब उतरले, काखेत वही, खिशात भिंग. आणि त्यांना बघताच मास्तर सगळं विसरले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेल्या माणसाला परीक्षेच्या दिवशी काय होतं, हे त्यांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

पहिलं दुकान छ्याओयुनचं. मास्तर आत शिरताच पन्नास गिऱ्हाइकं सांभाळणारी ती मालकीण स्टुलावरून उठून उभी राहिली. तिच्याच नव्हे, त्या गल्लीतल्या जवळपास प्रत्येक दुकानदाराच्या पाठीवर मास्तरांची पट्टी पडलेली होती. पेईसाहेबांना एक लालसर चहादाणी आवडली. छ्याओयुन सांगत होती, की ही घडवायला ती चाळीस दिवस खपली होती. पेईसाहेबांनी चहादाणी अदबीने मास्तरांच्या हातात दिली. काहीतरी करणं भाग होतं, म्हणून मास्तरांनी ती उलटी केली, जशी ते पोरांची वही शेवटच्या पानापासून तपासत तशी. आणि सवय वाईट असते. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं,

"स्वतः केलंस?"

छ्याओयुनचा चेहरा उतरला. तिने दाराकडे बघितलं, मग जमिनीकडे. "नाही सर," ती हळूच म्हणाली. "साच्यातून काढलीय. शिक्का तेवढा माझा आहे."

पेईसाहेबांनी वही उघडून काहीतरी लिहिलं आणि खाली रेघ मारली. बाहेर आल्यावर त्यांनी मास्तरांचा हात दाबला.

दुसरं दुकान एका नावाजलेल्या उस्तादांचं. भिंतभर प्रमाणपत्रं, मधोमध त्यांचा स्वतःचा फोटो. इथे मास्तरांनी तोंड न उघडायचं पक्कं ठरवलं होतं. ते नुसते चहादाणी हातात धरून उभे राहिले. पण गप्प उभे राहिलेले फान मास्तर किती भयंकर दिसतात, हे त्यांनी स्वतः कधी बघितलं नव्हतं. अर्ध्या मिनिटात उस्तादांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी बाकीची गिऱ्हाइकं बाहेर काढली, दार लावलं आणि सांगून टाकलं, की दहा वर्षं झाली, डोळ्यांना नीट दिसत नाही, मागच्या खोलीत चार मुली चहादाण्या करतात, आपण नाव कोरतो. सांगून झाल्यावर त्यांनी पट्टी खायला बोटं पुढे केली की काय, असा मास्तरांना भास झाला.

खाई त्याला खवखवे. तासाभरात फोन फिरले. मास्तर पेईसाहेबांना घेऊन मिठाईच्या दुकानावरून वळतात तोच पुढची तीन शटरं खाली आली. चौथ्याला पळता आलं नाही, म्हणून त्याने न विचारताच कबूल केलं, की मातीत रंग आहे. त्याच्या शेजारचा म्हातारा तर मास्तरांचा विद्यार्थीही नव्हता. तोही आपण होऊन दोन गोष्टी सांगून मोकळा झाला. मास्तरांना कोणाचंच वाईट करायचं नव्हतं. ज्या पोरांना आपण हाडूतहुडूत केलं ती एवढी मोठी झाली याचा त्यांना मनातून अभिमान होता, आणि आज एकेकाची अब्रू त्यांच्याच हातून परक्या माणसाच्या वहीत चालली होती. पेईसाहेब मात्र हरखले होते. त्यांनी मुलाला फोन करून सांगितलं, की अशी नजर त्यांनी पुलांच्या खात्यातही बघितली नाही. मग मास्तरांना आमंत्रण दिलं : नानजिंगला त्यांच्या चहामंडळात सत्तर सभासद आहेत, पुढच्या महिन्यात मास्तरांनी तिथे दोन तास बोलायचं, आणि सगळ्यांच्या चहादाण्या तपासून द्यायच्या.

मास्तरांनी नुसती मान डोलावली. आता होकार आला तरी मुलीच्या सासरी जन्मभर सोंग काढावं लागणार होतं.

शेवटी उघडं सापडलं ते कालव्याकाठचं एक पडवीवजा घर. ना पाटी, ना फोटो. आत जियांग वेईलियांग मातीची पट्टी लाकडी थापीने ठोकत बसला होता. त्याने मान वर करून सरांना नमस्कार केला आणि पुन्हा ठोकू लागला. फळीवर तीनच चहादाण्या होत्या. पेईसाहेबांनी त्यातली एक गडद, बसकी चहादाणी उचलली आणि ते ती खाली ठेवेनात. मग त्यांनी मास्तरांकडे अशा भक्तिभावाने बघितलं, की मास्तरांना विचारावंच लागलं.

"स्वतः केलंस?"

"हो सर. मीच केलंय."

थापी थांबली नव्हती. मास्तरांना ते शब्द ओळखीचे वाटले, आणि मग सगळंच आठवलं. बत्तीस वर्षांपूर्वी याच वेईलियांगने भागाकाराच्या पेपरात शंभरपैकी शंभर मिळवले होते. कधी तिशीच्या वर न गेलेला पोरगा. मास्तरांनी हाच प्रश्न विचारला होता आणि त्याने हेच उत्तर दिलं होतं. मास्तरांनी सगळ्या वर्गासमोर तो पेपर टराटरा फाडला. पुढच्याच वर्षी पोरगा शाळा सोडून मातीत गेला. त्या पेपराची आठवण मास्तरांना अधूनमधून येत असे, आणि पोरगा खरं बोलत असेल तर, असं वाटून त्यांना जेवण गोड लागत नसे.

पेईसाहेब पेन सरसावून उभे होते. "काय म्हणता फान सर? खरं बोलतोय?"

नाही म्हटलं असतं तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. पेईसाहेबांनी आणखी एक रेघ मारली असती, मुलीला संध्याकाळी होकार मिळाला असता. मास्तरांनी चष्मा काढून हातात धरला.

"पेईसाहेब, मला चहादाणीतलं ओ की ठो कळत नाही. सकाळपासून मी फक्त गृहपाठ तपासत होतो."

पेईसाहेबांचं पेन तसंच राहिलं. मास्तर आता थांबणार नव्हते. ते वेईलियांगकडे वळले. "आणि तुझा तो भागाकाराचा पेपर मी फाडला होता. तुझाच होता तो. माझं चुकलं, बाळा."

वेईलियांगने थापी खाली ठेवली आणि हात फडक्याला पुसले.

"नाही सर. तो मी छ्याओयुनचा बघून लिहिला होता. तुम्ही बरोबर फाडलात." मग त्याने पेईसाहेबांच्या हातातल्या चहादाणीकडे बोट दाखवलं. "हे माझं आहे."

बत्तीस वर्षांचा पश्चात्ताप असा फुकट गेल्यावर मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. वेईलियांगला एवढंच कळलं, की पाहुण्याला पुरावा हवाय. त्याने ठोकलेली पट्टी उचलली, गोल वळवून सांधली, चाकावर ठेवली आणि एका हाताने आतून आधार देत बाहेरून थापीचे हलके टोले मारत गेला. उभी भिंत हळूहळू पोटासारखी फुगू लागली. अर्ध्या तासात पेईसाहेबांच्या हातातल्या चहादाणीची ओली जुळी बहीण, फक्त नळी आणि मूठ लावायची राहिलेली, समोर बसली होती. पेईसाहेबांनी भिंग काढलं नाही, वहीत लिहिलंही नाही. पेन केव्हाच खाली पडलं होतं.

पैसे देऊन चहादाणी फडक्यात बांधून घेतल्यावर ते गंभीरपणे मास्तरांना म्हणाले, "घरी सांगून आलो होतो, मुलीचे वडील मोठे जाणकार आहेत म्हणून. आता काय सांगू?"

"सांगा, अडाणी निघाले. पण माझ्या पोरीला त्यात धरू नका. ती माझी लाज झाकत होती."

पेईसाहेबांनी ते गाठोडं मास्तरांच्याच हातात दिलं. आपल्या घरी बायको दिसेल ते भांडं साबणाने घासते, तेव्हा चहादाणी इथेच राहू दे, असं त्यांचं म्हणणं पडलं. "मुरवा तुम्ही रोज चहा करून. ऑक्टोबरात लग्नाला येताना घेऊन या, व्याही."

व्याही हा शब्द ऐकून मास्तरांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्यांनी घाईघाईने वेईलियांगला विचारलं, की मुरवायची म्हणजे नेमकं काय करायचं. वेईलियांगने सावकाश सांगितलं : तेल न लागलेलं पातेलं घ्या, थंड पाण्यात चहादाणी ठेवून मंद आचेवर उकळा, मग पाण्यात टोफूचा तुकडा सोडून तासभर, मग चहाच्या पत्तीत पुन्हा तेवढंच, पुढे रोज एकाच जातीचा चहा, साबण कधीच नाही, आणि पुसून ठेवताना झाकण अर्धवट उघडं. सांगून झाल्यावर त्याने विचारलं,

"समजलं का, सर?"

मास्तरांनी गाठोडं छातीशी धरलं.

"नाही समजलं. परत सांग."

छत्तीस वर्षांत त्यांच्या वर्गात हे वाक्य म्हणायची एकाही पोराची छाती झाली नव्हती.